दरवर्षी मुरूम टाकूनही अंगणात पाणी का साचतं? काळ्या जमिनीवरच्या घरांसाठी

आधी लक्षणं सांगतो, जुळत असतील तर पुढे वाचा. मृगाचे पहिले दोन-तीन पाऊस काहीच त्रास देत नाहीत, जमीन सगळं पिऊन घेते. आर्द्रा-पुनर्वसूत झडी लागली की अंगण चिबडतं, भिंतीला खालून दीड-दोन फूट ओल चढते आणि एखाद्या रात्री दणकून पाऊस झाला की सपरीत (ओसरीत) पाणी. पोळ्यापर्यंत माणूस वैतागून ठरवतो, येत्या उन्हाळ्यात दोन ट्रॉल्या मुरूम टाकायचाच. टाकतोही. पुढच्या जुलैत पाणी पुन्हा त्याच जागी उभं, फक्त आता चार इंच वर.

हे सगळं वऱ्हाड आणि यवतमाळ-वर्ध्याकडच्या, म्हणजे भारी काळ्या जमिनीवर बसलेल्या गावांसाठी लिहितोय. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडची गोष्ट वेगळी आहे, तिच्याबद्दल पुढे थोडं येईल.

मुरूम कमी पडत नाही, चुकीच्या जागी पडतो

काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसते, हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. एप्रिल-मेमध्ये ज्या भेगांत अख्खा हात जातो, त्याच भेगांतून पहिल्या पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं. म्हणून मृगात वाटतं, आपल्या आवाराला काही अडचण नाही. दोन-तीन चांगले पाऊस झाले की माती फुगते, भेगा मिटतात आणि मग तिच्यातून तासाला दोन-चार मिलिमीटर पाणी जिरलं तरी पुष्कळ. दमदार पाऊस याच्या दहा-वीस पट वेगाने पडतो. उरलेलं पाणी एकतर वरून वाहून जाईल, नाहीतर साचेल.

आता या मातीवर आपण मुरूम सपाट पसरतो. मुरमातून पाणी खाली जातं आणि काळ्या थरावर अडतं. वरून पाय कोरडा राहतो, त्यामुळे सुरुवातीला समाधान वाटतं. पण मुरमाखालचं पाणी उताराकडे सरकत राहतं, आणि जुन्या घरांत हा उतार बऱ्याचदा भिंतीकडेच असतो. कारण साधं आहे. पायासाठी खोदलेली माती बांधकाम झाल्यावर भिंतीलगत फावड्याने लोटून दिलेली असते, तिच्यावर कोणी धुम्मस (माती ठोकायचं वजन) चालवलेला नसतो. चार-पाच पावसाळ्यांत ती खाली बसते आणि भिंतीच्या कडेने एक चर तयार होतो. वरून मुरूम दिसतो सपाट, खालचा चर तसाच राहतो.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. दरवर्षी अंगण वर येतं, जोतं मात्र आहे तिथेच राहतं. दोन फुटी जोत्याचं घर पंधरा-वीस वर्षांत फूटभर जोत्याचं होतं आणि मग बारक्या पावसालाही घाबरायला लागतं.

मुरूम टाकूच नका असं नाही. टाकायच्या आधी खालची काळी माती उताराला लावून घ्या. भिंतीलगतचा खोलगट भाग काळ्याच मातीने भरा, थोडं पाणी मारून ठोका, म्हणजे भिंतीजवळून बाहेर असा ढाळ तयार होईल. त्यावर चार-सहा इंचांचे थर देत, प्रत्येक थराला पाणी मारून धुम्मस करत मुरूम. भिंतीपासून पहिल्या दहा फुटांत मातीच्या किंवा मुरमाच्या अंगणाला सहा इंच ढाळ हवा. फरशी किंवा काँक्रीट असेल तर अडीच इंचांत भागतं. आणि मुरूम भिंतीशी जिथे टेकतो ती पातळी घरातल्या फरशीपेक्षा किमान सहा इंच खाली राहिली पाहिजे. तेवढी जागा उरली नसेल तर नवा मुरूम आणण्याआधी जुना काढावा लागेल. हे काम कोणालाच आवडत नाही, पण त्याला पर्याय नाही.

ढाळ डोळ्याने कळत नाही

मिस्त्री नजरेने सांगतो, "ढाळ बराबर हाय भाऊ." त्यावर जाऊ नका. डोळा रस्ता, कुंपण, छपराची कड यांच्याशी तुलना करतो आणि त्या सगळ्या गोष्टी वाकड्या असू शकतात. त्याच मिस्त्रीच्या पिशवीत पारदर्शक नळी असते, ती बाहेर काढायला लावा. नसेल तर हार्डवेअरच्या दुकानातून पंचवीस-तीस फूट आणा.

नळीचं एक टोक बादलीत बुडवून, दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढून पाणी भरायचं. आत कपड्याच्या निळीचे दोन थेंब टाकले तर पाण्याची रेघ भर उन्हातही दिसते. मग नळी जमिनीवर सोडून आत बुडबुडा अडकलाय का ते पाहायचं. एक बुडबुडा इंच-दीड इंचाचा फरक दाखवू शकतो. दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून रेघा एका पातळीत येतात का हे एकदा तपासा. आल्या की एक टोक भिंतीशी, दुसरं दहा फुटांवर रोवलेल्या काठीशी. पाणी डुलायचं थांबू द्या आणि दोन्हीकडे रेघेपासून जमिनीपर्यंत टेपने मोजा. समजा भिंतीशी तीन फूट भरलं आणि काठीशी दोन फूट दहा इंच. म्हणजे काठीजवळची जमीन दोन इंच वर आहे आणि तुमच्या अंगणाचं पाणी भिंतीकडे येतंय. काठीशी साडेतीन फूट भरलं असतं तर ढाळ जसा हवा तसा आहे.

अशी मापं घराच्या चारही बाजूंनी घेऊन वहीत लिहून ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि पुढचा सगळा खर्च त्यावर ठरतो.

पावसात बाहेर पडून पाहा

उन्हाळ्यात केलेला अंदाज पुष्कळदा फसतो. डोक्यावर पोत्याची खोळ घ्या, छत्री घ्या, पण दणक्याचा पाऊस सुरू झाला की पहिल्या अर्ध्या तासात घराभोवती एक चक्कर मारा. विजा चमकत असतील तर मात्र बसा घरात. पाहायचं एवढंच, की पाणी पहिल्यांदा कुठून आलं. वळचणीतून, फाटकातून, मागच्या धुऱ्यावरून की नाली उलटी भरून? तासाभराने सगळीकडे सारखंच तळं दिसतं, तेव्हा काहीच कळत नाही. पाऊस थांबल्यावर दुसरं पाहायचं: कोणती जागा सगळ्यात शेवटी वाळते.

या पाहणीतून तीन वेगवेगळी पाणी निघतात: आपल्या छपराचं, बाहेरून आत येणारं आणि जमिनीतून वर चढणारं. तिघांचे उपाय वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की पैसा जातो.

छपराचं पाणी

हे सगळ्यात सोपं आणि सगळ्यात दुर्लक्षित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. महसूल खात्याच्या हिशेबात २४ तासांत ६५ मिमीहून जास्त पडला की अतिवृष्टी. पंचनाम्यामुळे हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. तेवढ्या पावसात २५ चौरस मीटरच्या घरकुलावरून सोळाशे लिटर पाणी खाली येतं. हजार चौरस फुटांच्या स्लॅबवरून सहा हजार. पन्हाळ नसेल तर हे सगळं भिंतीपासून हात-दीड हातावर, वळचणीच्या रेषेत, म्हणजे नेमकं त्या सैल भरलेल्या मातीत पडतं. तुमच्या घराच्या कडेने जमिनीवर थेंबांनी कोरलेली सरळ रेघ असेल, तर निम्मं निदान तिथेच झालं.

पत्र्याला किंवा कवेलूला पन्हाळ लावा. दहा फुटांना अर्धा इंच उतार पुरे. चार इंची एक उतरता पाईप साधारण साडेचारशे चौरस फूट छपराचं जोरदार पावसातलं पाणी सांभाळतो; हजार फुटांना दोन हवेतच, तीन लावले तर बरं. पीव्हीसी पाईप उभा चिरून पन्हाळ करायची पद्धत आपल्याकडे आहे. स्वस्त पडते, पण ४५ अंशांच्या उन्हात दोन-तीन वर्षांत पाईप कडक होऊन तडकतो. आणि ज्या गावात वानरांची टोळी फिरते तिथे तो तेवढाही टिकत नाही. अशा गावात पत्र्याचंच पन्हाळ करा, क्लॅम्प तीन फुटांऐवजी दोन फुटांवर घ्या, आणि तरी एखादं वानर लोंबकळणार हे धरून चाला.

स्लॅबच्या घरांत वेगळाच प्रकार दिसतो. स्लॅबच्या कडेला सहा इंचांचा पाईपचा तुकडा बाहेर काढलेला असतो आणि त्यातून सगळ्या छताचं पाणी एका धारेत भिंतीच्या मुळाशी कोसळतं. पन्हाळ नसलेल्या पत्र्यापेक्षा हे वाईट, कारण तिथे पाणी निदान लांबीभर वाटलं तरी जातं. या तुकड्याला कोपर लावून पाईप खाली आणा आणि तळाशी आडवा करून नालीपर्यंत न्या. तोंडावर जाळी बसवा, नाहीतर शेजारच्या निंबाची पानं आणि चेंडू यांनी पहिल्याच झडीत स्लॅबचा हौद होतो.

रस्त्याचं पाणी

गावागावात सिमेंटचे रस्ते झाले हे चांगलंच झालं. पण जुना रस्ता न खोदता त्यावरच नवा थर टाकायची पद्धत पडली, आणि प्रत्येक थरागणिक रस्ता पाच-सहा इंच वर येतो. आमच्या गल्लीत जुन्या घरांच्या ओट्याच्या दोन पायऱ्या होत्या, आता एकच दिसते. काही घरांत तर रस्त्यावरून आत जाताना खाली उतरावं लागतं.

इथे एक हिशेब कामाचा आहे. हजार चौरस फुटांच्या छतावर तासाला १०० मिमी या वेगाने पाऊस कोसळला, तरी सेकंदाला अडीच लिटरच्या आसपास पाणी निघतं. अर्धा फूट रुंद, चार इंच खोल आणि शंभर फुटांना एक फूट उतार असलेली साधी सिमेंटची नाली याच्या तिप्पट-चौपट पाणी आरामात वाहून नेते. म्हणजे तुमच्या घराची नाली स्वच्छ आहे, उतार ठीक आहे, आणि तरी ती भरून वाहते, तर त्यात तुमचं पाणी नाही. बाहेरचं येतंय, किंवा पुढे कुठेतरी तुंबलंय. नाली रुंद करून काही होणार नाही. बरेच लोक नेमकं हेच करतात.

बाहेरची सार्वजनिक नाली तपासायची सोपी खूण म्हणजे पाऊस उघडून दोन दिवस झाल्यावर तिच्या तळाशी डबकी आहेत का ते पाहणं. असतील तर तिथे उतार तुटला आहे किंवा उलटा झाला आहे. कधी कोणी फाटकासमोर नालीवर फरशी टाकून खाली बारका पाईप घातलेला असतो, आणि सगळ्या गल्लीचं पाणी त्या चार इंचांत अडतं. तुमचाच पाईप असेल तर आधी तो काढा. त्या जागी लोखंडी जाळी टाका, म्हणजे गाडीही जाते आणि नाली उपसताही येते.

ग्रामपंचायतीकडे बोलायचं तर पावसात नाही. जुलैत सरपंच-सचिव फार तर जेसीबी पाठवून चर मारून देतात, तो आठ दिवसांत बुजतो. १ मेच्या ग्रामसभेत, मोजमाप घेऊन बोला. "आमच्याकडे पाणी घुसते" हे सगळेच म्हणतात. "अमुक घरापासून पुलापर्यंत नालीचा तळ चार इंच उलटा आहे, नळीने मोजलंय" असं म्हणणारा एकटाच असतो आणि त्याचं ऐकलं जाण्याची शक्यता जास्त. रस्त्याचं नवं काम मंजूर होत असेल तर दोनच मागण्या लावून धरा: जुना थर उखडून पातळी तीच ठेवावी, आणि नाली रस्त्याच्या आधी व्हावी. रस्ता झाल्यावर नाली करतो म्हटलं की ती होत नाही, आणि झाली तरी रस्त्यापेक्षा तिची कड उंच होते.

तोवर आपल्या फाटकात काय करायचं? रस्त्याच्या कडेला, फाटकाच्या आत, पूर्ण रुंदीला आडवी जाळीची नाली. तिच्या आतल्या बाजूला चार-पाच इंचांचा काँक्रीटचा उंचवटा, दोन्हीकडून उतरता, म्हणजे मोटारसायकल आणि बंडी दोन्ही चढतील. रस्त्यावरून आलेलं पाणी जाळीत पडून बाजूला जाईल. पण ती जाळीची नाली कुठे सोडणार हे आधी ठरलेलं हवं. पुढे वाट नसेल तर तो नुसता एक लांब खड्डा होतो.

मागच्या शेताचं पाणी

गावठाणाच्या कडेला, पांदण रस्त्याला लागून घर असेल तर मागचं वावर हा मोठा भिडू. सोयाबीनच्या ओळी उताराच्या दिशेने पेरलेल्या असतील तर प्रत्येक तास म्हणजे तुमच्या वाडीत येणारी एक बारकी नाली. शेतमालकाला गोडीत सांगून ओळी आडव्या करून घेतल्या तर त्याचीही माती वाचते. मात्र हे बोलणं पेरणीआधी व्हायला हवं.

आपल्या बाजूने उपाय म्हणजे घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून दहा-पंधरा फूट सोडून, आडवा चर. चराची माती घराच्या बाजूला टाकून तिचाच बांध घालायचा, त्यावर गवत येऊ द्यायचं. चर घराला वळसा घालून खालच्या बाजूला निघाला पाहिजे. शंभर फुटांना एक फूट उतार ठीक; फार जास्त दिला तर काळी माती कापली जाते आणि दोन पावसांत चराचा नाला होतो. गोठ्यातलं आणि उकिरड्यावरचं पाणी या चरात येऊ देऊ नका, विशेषतः खाली कोणाची विहीर किंवा हातपंप असेल तर.

जमिनीतून चढणारी ओल

वरचं सगळं करूनही भिंत खालून ओली राहते, रंगाचे पापुद्रे निघतात, पांढरा लोणा दिसतो. यात दोन शक्यता असतात आणि त्या ओळखायला पैसे लागत नाहीत. खताच्या पोत्याच्या आतलं प्लॅस्टिक घ्या, दोन-दोन फुटांचा तुकडा फरशीवर पसरून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन दिवसांनी उचला. खालची बाजू ओली असेल तर ओल जमिनीतून येतेय. वरची बाजू ओली असेल तर ती खोलीतल्या दमट हवेची आहे. खिडकी उघडा, बाकी काही करू नका.

ओल जमिनीतून येत असेल तर एक उपाय करू नका, जो हमखास सुचवला जातो: भिंतीलगत तीन फूट खोल चर खोदून गिट्टीने भरायचा. मुरमाड जमिनीत, आणि चराच्या तळाला बाहेर पडायला वाट असेल, तर तो चालतो. काळ्या मातीत वाट न देता केला तर तो चर म्हणजे पायाच्या कडेला ठेवलेलं भरलेलं टाकं. चारही बाजूंनी चिकणमाती, पाणी जाणार कुठे? पायालाच जिरतं.

त्याऐवजी भिंतीभोवती तीन-चार फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी घाला, अडीच-तीन इंच जाड, बाहेर ढाळ दिलेली, आणि तिच्या बाहेरच्या कडेला नाली. पट्टी आणि भिंत यांच्यात उन्हाळ्यात फट पडणारच, माती आकसते म्हणून. ती फट सिमेंटने भरू नका, पुन्हा तडकेल. डांबर तापवून ओता, आणि दर मे महिन्यात एकदा पाहून घ्या. घरभर पट्टी परवडत नसेल तर वळचणीच्या आणि न्हाणीच्या बाजूने आधी करा.

न्हाणीवरून आठवलं. पावसाचं पाणी म्हणून आपण ज्याला शिव्या देतो त्यातलं काही वर्षभराचं असतं. न्हाणीचं सांडपाणी भिंतीशीच सोडलेलं, आणि मार्चपासून खिडकीला लागलेला डेझर्ट कूलर टपटप गळतोय. सगळं अंगण मे महिन्यात भेगाळलेलं आणि कूलरखालची तेवढी जागा हिरवीगार. त्या जागची माती फुगलेली, पाच फुटांवरची आकसलेली. पायाचा एक भाग वर उचलला जातो, दुसरा खाली बसतो. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या निघालेल्या, उन्हाळ्यात रुंद होणाऱ्या आणि सप्टेंबरपर्यंत मिटणाऱ्या भेगा याच्याच. भिंतीशी लागून मोठं झाड असेल तर तेही हेच करतं, फक्त उलट बाजूने: मुळांनी ओल ओढून त्या बाजूची माती जास्त आकसते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, वर्षभर पाहा. ऋतूनुसार उघडझाप होत असेल तर प्लास्टरवाल्याला बोलावण्याआधी कूलरची नळी नालीत सोडा.

नवीन घर बांधणार असाल तर हे सगळं आधीच टाळता येतं. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने खाली फुगीर बुड असलेल्या खांबांचा पाया विकसित केला, तो पाया हलणाऱ्या वरच्या थराच्या खाली जाऊन बसतो. त्याचा खर्च झेपत नसेल तर पायाखालची काळी माती काढून चांगला मुरूम थराथराने ठोकून भरणं आणि जोतं समोरच्या रस्त्यापेक्षा किमान दोन फूट वर ठेवणं, एवढं तरी करा. रस्ता अजून वर येणार आहे हे गृहीत धरूनच.

शोषखड्ड्याबद्दल

पाणी जिरवा हे सगळीकडून सांगितलं जातं, आणि पश्चिम विदर्भात विहिरी-बोअरची अवस्था पाहता ते बरोबरच आहे. पण कुठे जिरवायचं हे माती ठरवते. नांदेड जिल्ह्यात शोषखड्ड्यांनी गावंच्या गावं नाली आणि डासांतून मोकळी केली, ते पाहून आपल्याकडेही खड्डे झाले. काही उत्तम चालतात, काही ऑगस्टमध्ये काठोकाठ भरून उभे असतात.

फरक कळायला खड्डा करण्याआधी एक चाचणी करा. फूटभर रुंद, दीड-दोन फूट खोल खड्डा, त्यात पाणी भरून तासाला किती उतरतं ते मोजा. इथे काळी माती फसवते: मे महिन्यात ही चाचणी केली तर बादल्यावर बादल्या पाणी गडप होतं, कारण ते भेगांत जातंय. म्हणून दोन-तीन दिवस सतत पाणी भरून माती आधी फुगू द्या आणि मग मोजा. किंवा सरळ ऑगस्टमध्ये मोजा. तासाला इंचभरही उतरत नसेल तर तिथे खड्डा म्हणजे डासांची सोय.

सब्बलने किंवा टिकासाने खोदून पाहा, मुरूम किती खाली लागतो. चार-पाच फुटांत लागत असेल तर खड्डा काळा थर पार करून मुरमात दोन-तीन फूट उतरला पाहिजे. अर्ध्यात सोडलेला खड्डा निरुपयोगी. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात हा प्रयत्नच करू नका. तिथे शेकडो फूट गाळाची माती आहे, मुरूम लागणार नाही आणि खारट चिकणमाती तर आणखीच पाणी सोडत नाही. तिथे छपराचं पाणी टाकीत साठवणं शहाणपणाचं, वापरायलाही गोडं पाणी मिळतं. खड्डा कुठेही केला तरी भिंतीपासून किमान पंधरा फूट लांब आणि घराच्या खालच्या अंगाला. छपराचं पाणी थेट बोअरमध्ये सोडायचं खूळ गाळणीशिवाय करू नये. पाला, पक्ष्यांची-वानरांची घाण सगळी त्याच पाण्यात उतरते जे तुम्ही पिणार आहात.

पूर्वेकडे, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीच्या लालसर, मुरमाड जमिनीत खड्डा चांगला चालतो, पण धानाच्या बांध्या भरलेल्या असताना जमिनीतलं पाणीच वर आलेलं असतं, तेव्हा खड्डा खालून भरतो. बांधीला लागून घर असेल तर मधे दहा-पंधरा फूट कोरडी पट्टी आणि खोल नाली हाच उपाय.

शेजाऱ्याशी भांडण होण्याआधी

"काकाजी, तुमच्या पन्हाळाचं पानी माह्या भिताडात जिरते." हे वाक्य जुलैत प्रत्येक गल्लीत ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा म्हणणाऱ्याचं खरं असतं. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याच्या सातव्या कलमात वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिक उताराने खालच्या जमिनीवर वाहू देण्याचा हक्क मान्य केलेला आहे. म्हणजे खालच्याने भिंत घालून ते अडवू नये. पण तुम्ही पन्हाळ लावून, पाईप काढून सगळं एका धारेत त्याच्या भिंतीवर सोडलं, तर ते नैसर्गिक वाहणं राहत नाही. पाईप आपल्याच हद्दीत उतरवा.

शेतजमिनीचा प्रश्न असेल, म्हणजे कोणी बांध घालून पाणी अडवलं आणि त्याने शेताचं नुकसान होतंय, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो. अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. पावसाळ्यातला अडथळा दिवाळीनंतर पाहू म्हणणाऱ्यांची मुदत बऱ्याचदा निघून जाते. दोन घरांमधल्या सांदीतून दोघांच्या खर्चाने एकच नाली काढली तर मात्र यातलं काहीच लागत नाही, आणि ती स्वस्तही पडते.

काहीच लागू पडत नसेल तर

काही घरं खरोखरच खड्ड्यात आहेत. रस्ता वर, शेजारी वर, मागचं वावर वर. तिथे ढाळ द्यायला जागाच उरलेली नसते. काही जण अंगणात हौद करून त्यात मोटर टाकतात. शहरात ठीक आहे. आपल्याकडे पाऊस दणकायला लागला की आधी लाइट जाते आणि ती सकाळपर्यंत येत नाही, म्हणजे ज्या चार तासांसाठी मोटर घेतली त्याच चार तासांत ती बंद. अशा घरात आतली फरशी उचलणं हाच टिकणारा उपाय आहे: फरशी काढून आत मुरूम ठोकून भरायचा, त्यावर जाड प्लॅस्टिकचा कागद, मग काँक्रीट. दारांच्या चौकटी तेवढ्याच वर घ्याव्या लागतात, म्हणून आधी छताची उंची मोजा. भराव टाकून फरशीपासून छतापर्यंत नऊ फूट उरत असतील तर निर्धास्त करा. पत्र्याचं घर असेल तर त्यापेक्षा कमी ठेवू नका, उन्हाळ्यात आत बसवणार नाही. तेवढी उंची उरत नसेल तर आधी पत्रा दोन फूट वर चढवून घ्या आणि मग फरशी भरा.